मीठ कुणाचं खाल्लं?

(कार्यकर्त्या आणि निवडून आलेल्या स्त्रिया यांच्या एकत्रित शिबिरातलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'राजकीय निष्ठा आणि सद्सद्विवेक' असा भारदस्त विषय छापलेला आहे. तो वाचून सकाळी चहाच्या वेळी एकजण मला म्हणाली, "ताई, आम्हाला सभागृहात बोलायला कसं मिळेल ते आधी सांगा, विवेकाचं मागाहून बघू." मी तिला म्हटलं, तेच सांगणार आहे, फक्त जरा लांबून फिरून येणार आहे. मी बोलणार आहे ब्रिटनच्या संसदेबद्दल आणि २००३ सालच्या इराक युद्धाबद्दल.

इतक्या लांबचं उदाहरण मी मुद्दाम घेते आहे. आपल्या देशाच्या युद्धाचं नाव काढलं की बोलणं देशप्रेमाच्या परीक्षेवर जातं. आपल्या पक्षांचं नाव काढलं की इथेच या सतरंजीवर चार गट पडतील. दुसऱ्याच्या घरातलं भांडण जरा शांतपणे बघता येतं. शिवाय त्या भांडणातले कागद आता उघड झाले आहेत. चिल्कॉट चौकशी समितीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. कोण काय म्हणालं, कुणी काय लपवलं, हे त्यात तारीखवार वाचायला मिळतं.

एकशे एक बायका

सुरुवात १९९७ पासून करू या. त्या वर्षी मे महिन्यात ब्रिटनमध्ये मजूर पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेवर आला. संसदेत १२० स्त्रिया निवडून आल्या. त्याआधी तिथे इतक्या बायका कधीच नव्हत्या. त्यातल्या १०१ एकट्या मजूर पक्षाच्या होत्या. हे आपोआप झालेलं नव्हतं. त्या पक्षातल्या स्त्रियांनी वर्षानुवर्षं भांडून काही मतदारसंघांत फक्त स्त्रियांमधूनच उमेदवार निवडायचा, असा नियम करून घेतला होता. म्हणजे आपल्या आरक्षणाच्या लढाईसारखीच ती लढाई होती.

निकालानंतर या स्त्रियांचा पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यासोबत एक फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांना नाव दिलं, 'ब्लेअर्स बेब्ज'. आपल्या भाषेत सांगायचं तर 'ब्लेअरच्या पोरी'. कुणी वकील होती, कुणी शिक्षिका, कुणी कामगार संघटनेत केस पांढरे केलेली. पण निवडून आल्या आल्या त्या कुणाच्या तरी झाल्या. पुरुष खासदारांना कुणी 'ब्लेअरचे पोरगे' म्हटलं नाही. 'साहेबांनी तिला तिकीट दिलं' हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलंय? हात वर करायची गरज नाही, तुमचे चेहरे दिसताहेत मला.

हे नाव नुसतं थट्टेचं नसतं. त्यात एक हिशोब असतो. तुला आम्ही आणलं, आता तू आमच्या मिठाला जाग.

अठरा मार्च

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला. त्याच्याशी इराकचा संबंध असल्याचा पुरावा नव्हता. तरी अमेरिकेचं सरकार इराककडे वळलं. चिल्कॉट समितीने बाहेर आणलेल्या कागदांत ब्लेअर यांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांना २८ जुलै २००२ रोजी पाठवलेली एक टिपणी आहे. काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन, अशा अर्थाचं आश्वासन तिच्या पहिल्याच ओळीत आहे. संसदेला विचारायच्या आठ महिने आधी ही निष्ठा वाहून झालेली होती.

मग सप्टेंबर २००२ मध्ये सरकारने एक पुस्तिका काढली. इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत आणि त्यातली काही ४५ मिनिटांत वापरता येतील, असं तिच्यात म्हटलं होतं. संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस हान्स ब्लिक्स तपासाला आणखी वेळ मागत होते. १५ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनमध्ये मोर्चा निघाला. पोलिसांच्या अंदाजानेच साडेसात लाख माणसं होती, संयोजकांचा आकडा त्याहून कितीतरी मोठा होता.

१८ मार्चला संसदेत मतदान झालं. 'युद्धाची गरज अजून सिद्ध झालेली नाही' अशी दुरुस्ती मांडली गेली. तिच्या बाजूने २१७ मतं पडली, विरोधात ३९६. त्या २१७ मध्ये सरकारी पक्षाचे १३९ खासदार होते. सत्ताधारी पक्षात एवढं मोठं बंड त्याआधीच्या शंभराहून अधिक वर्षांत झालं नव्हतं. तरी ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला आणि २० मार्चला युद्ध सुरू झालं.

आता आपला प्रश्न. त्या १०१ जणींचं काय झालं? काही उभ्या राहिल्या. ॲलिस मॅहन, ग्लेंडा जॅक्सन यांनी आधीपासून विरोध केला होता. पण मजूर पक्षाच्या बहुसंख्य स्त्रिया सरकारच्या बाजूने गेल्या. १९९७ मध्ये नव्याने आलेल्या स्त्रिया एरवीही पक्षाविरुद्ध मत द्यायला कमीच धजत, असं तिथल्या अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे.

त्या सगळ्या घाबरट होत्या असं मी म्हणणार नाही. ॲन क्लूइड यांचं उदाहरण घ्या. त्या अनेक वर्षं इराकी कुर्दांसाठी काम करत होत्या. १९८८ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीने हलब्जा गावावर विषारी वायू टाकला, हजारो माणसं मेली. त्याबद्दल जगातली बरीच सरकारं गप्प असताना त्या बोलत होत्या. त्यांनी युद्धाला पाठिंबा दिला, तो मनापासून दिला. मला त्यांचं मत पटत नाही, पण ते पक्षाने हातात कोंबलेलं मत नव्हतं. मी बोलते आहे ते ज्यांच्या मनात शंका होती आणि तरीही हात वर गेला, त्यांच्याबद्दल.

राहायचं की जायचं?

मंत्रिमंडळातल्या दोघांची गोष्ट सांगते. रॉबिन कुक आधी परराष्ट्रमंत्री होते, तेव्हा सभागृह नेते होते. गुप्तचरांची माहिती त्यांनी वाचलेली होती. इराककडे त्या अर्थाने महासंहारक शस्त्रं बहुधा नाहीतच, असं त्यांचं मत झालं. १७ मार्चला, म्हणजे मतदानाच्या आदल्या रात्री, त्यांनी राजीनामा दिला आणि सभागृहात त्याची कारणं सांगितली. तिथे टाळ्या वाजवायची पद्धत नाही, तरी टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या क्लेअर शॉर्ट. या खात्या आंतरराष्ट्रीय विकासमंत्री होत्या, गरीब देशांना मदत देणारं खातं त्यांच्याकडे होतं. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी पक्षातलं पद सोडलेल्या, तोंडाने फटकळ, अशी त्यांची ख्याती होती. ९ मार्चला रेडिओवरच्या मुलाखतीत त्यांनी पंतप्रधानांचं धोरण बेदरकार आहे असं पुन्हा पुन्हा म्हटलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या संमतीशिवाय युद्ध झालं तर मी राजीनामा देईन असं सांगितलं. नऊ दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की मी राहते आहे. युद्धानंतरच्या उभारणीत संयुक्त राष्ट्रांना पुढे ठेवू, असं आश्वासन त्यांना मिळालं होतं. आपण आत राहिलो तर इराकी लोकांसाठी काही करता येईल असं त्यांना वाटलं. ते आश्वासन पाळलं गेलं नाही असं म्हणून १२ मे रोजी त्यांनी राजीनामा दिला. तोवर युद्धाचा मुख्य भाग संपला होता.

मला शॉर्ट यांच्याबद्दल फार विचार करावासा वाटतो. कुक यांचं कौतुक करणं सोपं आहे. पण आपल्यापैकी बहुतेकींची गत शॉर्ट यांच्यासारखी होते. 'आत राहिलं तर चार कामं होतील' हे आपण घरात म्हणतो, संस्थेत म्हणतो, पक्षात म्हणतो. त्यात खोटं काही नसतं. चार कामं होतातही. पण ब्रिटनमध्ये मंत्र्याला सरकारविरुद्ध मत देऊन मंत्री राहता येत नाही. त्यामुळे राहायचं ठरवलं की त्यांचं नाव आणि मत त्या युद्धाच्या खात्यावर जमा होणार होतं. नेमकं तेच सरकारला हवं होतं. लढाऊ म्हणून ओळखली जाणारी बाई आत आहे, म्हणजे प्रकरण इतकं वाईट नसावं, असं शंभर जणांना वाटतं. आत राहण्याची किंमत म्हणून काय द्यावं लागतंय हे पाहिल्याशिवाय 'आत राहणं चांगलं' असं म्हणता येत नाही. ज्या दिवशी आपल्या नकाराला वजन असतं तो एकच दिवस द्यावा लागत असेल, तर सौदा महागाचा आहे.

पद नसलेल्या दोघी

आणखी दोन स्त्रिया. त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं.

एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट परराष्ट्र खात्यात उपकायदा सल्लागार होत्या, सुमारे तीस वर्षांची नोकरी. संयुक्त राष्ट्रांच्या नव्या ठरावाशिवाय हे युद्ध बेकायदा आहे, असं त्यांचं मत होतं. देशाच्या ॲटर्नी जनरलनी ७ मार्चला पंतप्रधानांना दिलेल्या लांबलचक सल्ल्यात कितीतरी शंका होत्या. १७ मार्चला संसदेपुढे आलं ते छोटंसं उत्तर, त्यात शंका उरल्या नव्हत्या. मंत्रिमंडळालाही तो पूर्ण सल्ला दाखवला गेला नाही. विल्म्सहर्स्ट यांनी राजीनामा दिला, गाजावाजा न करता. २०१० मध्ये त्यांनी चौकशी समितीपुढे साक्ष दिली.

दुसरी कॅथरीन गन. वय अठ्ठावीस. चेल्टनहॅमच्या सरकारी गुप्तवार्ता केंद्रात चिनी भाषेची अनुवादक. सुरक्षा परिषदेत ज्या देशांचं मत अजून ठरलेलं नव्हतं, त्यांच्या प्रतिनिधींची बोलणी चोरून ऐकायला मदत करा, असा अमेरिकी यंत्रणेचा निरोप जानेवारी २००३ च्या अखेरीस तिच्या कार्यालयात आला. तिने तो बाहेर दिला. २ मार्चला 'ऑब्झर्व्हर'ने तो छापला. कार्यालयात सगळ्यांची चौकशी सुरू झाली तेव्हा तिने स्वतःहून कबूल केलं. नोकरी गेली, खटला भरला गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारी पक्षाने पुरावाच सादर करायचा नाही असं ठरवलं आणि खटला संपला.

तिला देशद्रोही म्हणणारे होते. आपल्याकडे म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं. मी त्या म्हणीच्या विरोधात नाही. मी एवढंच विचारते की मीठ कुणाचं? तिचा पगार कुठल्या पंतप्रधानाच्या खिशातून येत नव्हता. तो लोकांनी भरलेल्या करातून येत होता, आणि लोकांची मुलं लढायला जाणार होती.

मग काय झालं

शस्त्रं सापडली नाहीत. २००९ पर्यंत ब्रिटनचे १७९ सैनिक इराकमध्ये मेले. किमान दीड लाख इराकी मेले, बहुधा त्याहून बरेच जास्त, आणि त्यात सामान्य नागरिकच अधिक होते, असं चिल्कॉट यांनी म्हटलं.

आणि इराकी स्त्रिया? त्यांना मुक्त करायला आम्ही जातो आहोत, हेही एक कारण पुढे केलं गेलं होतं. सद्दामची राजवट क्रूर होती, त्यात वाद नाही. पण इराकमध्ये १९५९ पासून विवाह, घटस्फोट, वारसा यांसाठी सर्व पंथांना लागू असलेला कायदा होता. लग्नाचं वय त्यात अठरा होतं, पुरुषाच्या दुसऱ्या लग्नावर बंधनं होती. डॉक्टर नझिहा अल-दुलैमी यांच्यासारख्या कार्यकर्तीचा त्यात वाटा होता. परक्या सैन्याच्या छायेत नेमलेल्या शासकीय परिषदेने डिसेंबर २००३ मध्ये हा कायदा बाजूला सारून प्रत्येक पंथाच्या धर्मगुरूंकडे विषय सोपवायचा निर्णय घेतला. इराकी बायका रस्त्यावर आल्या आणि दोन महिन्यांत तो निर्णय मागे घ्यायला लावला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या संसदेने त्याच दिशेची दुरुस्ती संमत केली. म्हणजे त्यांची लढाई आधीही त्यांचीच होती आणि नंतरही त्यांनाच लढावी लागली. आपल्या नावाने कुणी युद्धाला निघालं की बायकांनी आधी सावध व्हावं.

'आपल्यांची' निष्ठा

पण मैत्रिणींनो, निष्ठा फक्त पक्षच मागतो असं नाही. आपल्या चळवळीही मागतात. जेनेट रँकिन ही अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली स्त्री. पहिल्या महायुद्धात उतरायचं की नाही यावर एप्रिल १९१७ मध्ये मतदान होतं. देशभरातल्या बायकांना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता. मताधिकाराच्या चळवळीतल्या मोठ्या नेत्या तिला सांगत होत्या की युद्धाच्या बाजूने मत दे, नाहीतर बायकांना राजकारण झेपत नाही असं म्हणतील आणि आपलं काम मागे पडेल. तिने विरोधात मत दिलं. तिच्याबरोबर ४९ पुरुषांनीही विरोधात मत दिलं होतं. त्यावरून पुरुषांना राजकारण झेपत नाही असं कुणी म्हटलं नाही. १९४१ मध्ये ती पुन्हा निवडून आलेली होती आणि पुन्हा विरोधात मत दिलं. तेव्हा ३८८ विरुद्ध ती एकटी होती. गर्दीपासून वाचायला तिला टेलिफोनच्या खोक्यात शिरावं लागलं. याच रँकिनबाई पुढे अनेकदा भारतात येऊन गेल्या, गांधींचं काम समजून घ्यायला.

सप्टेंबर २००१ मध्ये बार्बरा ली यांच्यावर तीच वेळ आली. राष्ट्राध्यक्षांना युद्धासाठी मोकळीक देणाऱ्या ठरावाला ४२० होकार होते आणि एकच नकार, या काळ्या बाईचा. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. पण त्यांच्या ओकलंडच्या मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं. त्या नकारापायी त्यांनी पक्ष सोडला नाही, सभागृहही सोडलं नाही. राहणं आणि मान डोलावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याकडून घ्यावं.

आता आपल्याकडे

आपल्याकडेही त्या युद्धाचे पडसाद उमटले होते. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने ठराव केला, आणि त्यात कोणता शब्द वापरायचा यावर बरीच ओढाताण होऊन 'निंदा' हा शब्द आला. इराकमध्ये सैन्य पाठवा अशी अमेरिकेची मागणी होती. लोकमत विरोधात होतं. त्या जुलैमध्ये सरकारने नकार दिला. एका शब्दासाठी भांडणं फुकट जात नाही.

पण आपल्याकडे एक अडचण मोठी आहे. ब्रिटनमधल्या त्या १३९ जणांची खासदारकी गेली नाही. आपल्याकडे १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप मोडला तर पद जाऊ शकतं. महाराष्ट्रात तसाच कायदा महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांनाही लागू आहे. विकली जाणारी माणसं थांबावीत म्हणून तो आणला. त्याच्या कचाट्यात न विकली जाणारी बाईही सापडते.

माझ्या माहितीतल्या एका नगरसेविकेची गोष्ट सांगते. तिच्या वॉर्डातल्या पालिकेच्या प्रसूतिगृहाची जागा भाड्याने द्यायचा ठराव होता. विषयपत्रिकेत नव्हताच, 'आयत्या वेळचा विषय' म्हणून आला. व्हिप निघालेला. ती उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "पूर्ण कागद दाखवा, आणि मी ते मागितले हे इतिवृत्तात लिहा." वरच्या सज्जात मंडळाच्या वीसेक बायका बसल्या होत्या. विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत ठराव मंजूर झालाच, ते मी लपवत नाही. नंतर तिला तिकीट मिळालं नाही. पण ती आजही वॉर्डात ताठ मानेने फिरते आणि इतिवृत्तातली ती ओळ कुणालाही खोडता आलेली नाही.

ब्रिटनच्या मंत्रिमंडळात त्या मार्चमध्ये कुणी तरी तेवढंच म्हणायला हवं होतं, पूर्ण कागद दाखवा.

म्हणून चहाच्या वेळच्या त्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. पहिलं, कागद मागायचा. विवेक नुसता मनात नसतो, त्याला माहिती लागते. दुसरं, मत देण्याआधी बोलायचं. सगळं उरकल्यावर 'मला पटलं नव्हतं' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तिसरं, व्हिप असला तरी मतभेद नोंदवून घ्यायचा. आणि पद सोडायची वेळ आलीच, तर ते अशा दिवशी सोडायचं की सोडण्याचा उपयोग होईल.

चौथी गोष्ट निवडून आलेल्यांसाठी नाही, ती आपल्या बाकीच्यांसाठी आहे. लहानपणापासून आपल्याला शिकवलंय, घरातलं बाहेर सांगू नये, घराची अब्रू जाते. मार खाल्लेल्या बाईलाही हेच सांगतात. पक्ष हेच वाक्य वापरतो, फक्त 'घर' च्या जागी 'पक्ष' म्हणतो. युद्धाच्या वेळी 'देश' म्हणतो. घरातला मार बाहेर सांगणाऱ्या बाईमागे आपण उभ्या राहायला शिकलो. मोर्चे काढले, पोलीस ठाण्यांत रात्री काढल्या. सभागृहात 'नाही' म्हणणाऱ्या बाईमागे आपण तशा उभ्या राहतो का? की ती दुसऱ्या पक्षाची आहे म्हणून बघत बसतो?

२०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभांमधल्या स्त्रियांच्या आरक्षणाचा कायदा संमत झाला. जागा मिळवण्यासाठी आपण भांडलो, त्याचा मला आनंद आहे. पण १०१ जागा मिळूनही काय होऊ शकतं ते आपण आत्ता पाहिलं. तेव्हा आजच्या गटचर्चेत प्रत्येक गटाने एवढं ठरवावं, की आपल्या भागातल्या सभागृहाच्या पुढच्या सभेला सज्जात कोण कोण बसणार. नावं कागदावर लिहून संध्याकाळी माझ्याकडे द्या.

एवढं बोलून थांबते.